नाव नसलेलं माप

ताईनं कापायच्या टेबलावर कागद अंथरला, तेव्हा तिच्या धाकट्या भावानं पहिलं काम काय केलं, तर मोठी कात्री उचलून लांबच्या फळीवर ठेवली. “उगाच माझे हात शिवशिवायला नकोत,” म्हणाला. एरवी असल्या विनोदावर ताई हसली असती, निदान “गप रे” तरी म्हणाली असती. आज तिनं कागदाच्या चार कोपऱ्यांवर खडूचे चार डबे ठेवले आणि दाराकडे बघत राहिली. धाकट्याच्या बायकोनं, म्हणजे मास्तरीणबाईंनी, नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं.

रविवारी दुकान बंद असायचं. शटर अर्ध्यावर ओढलेलं, शिलाई मशीनवर फडकी टाकलेली. वरच्या खोलीत वडील, म्हणजे अण्णा, जेवून आडवे झाले होते. ते साडेतीनला उठायचे, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आत्ता दोन वाजून गेले होते. आत्या यायची होती आणि तिच्याशिवाय सुरुवात करायची नाही, असं ताईनं सगळ्यांना फोनवर बजावलं होतं.

“तीन महिने वाचनालयात खेटे घातलेस तू,” धाकटा म्हणाला. “आता दाखव तरी. राजघराण्यातले निघालो का आपण?”

“शिंपीच निघालो. पाच पिढ्या.”

“अरेरे. माझी आशा संपली.”

वंशावळीचं हे खूळ ताईच्या डोक्यात शिरलं ते निवृत्तीनंतर. एकतीस वर्षं रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले, आता आपली माणसं जोडूया असं तिला वाटलं असेल. वाचनालयात दर शनिवारी एक वर्ग चालायचा, तोही फुकट. फुकट म्हटल्यावर ताई गेली नसती तरच नवल! तिथले चष्मेवाले ग्रंथपाल फार कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं: स्वतःपासून सुरुवात करा आणि मागे मागे जा, राजामहाराजांपासून पुढे येऊ नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आधी गाठा, कागद कुठे पळून जात नाहीत. आणि मृत्यूचा कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणालाही मारू नका. यावर सगळा वर्ग हसला होता. ताईही हसली होती.

आत्या आली ती शटरखालून वाकून, गुडघ्यांना शिव्या घालत. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही तिला कुणी हात धरलेला खपायचा नाही. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून तिनं आधी पाणी मागितलं, मग पंखा मागितला, मग तो पंखा कमी करायला सांगितला. सगळं मनासारखं झाल्यावर ती कागदावर वाकली. ताईनं चौकटी आखून त्यात एकेक माणूस बसवला होता. पणजोबा, आजोबा, आजी. त्यांच्याखाली तीन चौकटी: आत्या, अण्णा, चिमी.

चिमीच्या चौकटीतला मजकूर खोडरबरानं पुसलेला होता. कागद तिथे जरा मळला होता.

“इथलं काय केलंस?” आत्या म्हणाली.

“पुसलं.”

“का?”

“तूच सांग.”

या घरात चिमीची गोष्ट कुणाला माहीत नव्हती? अण्णा आठ वर्षांचे आणि ती चार वर्षांची. आईनं सांगितलं होतं, हिच्याकडे लक्ष दे. तेवढ्यात खाली दुकानात नवं मशीन उतरवत होते ते बघायला अण्णा धावले, त्यांच्यामागे ती धावली आणि जिन्यावरून थेट खाली दुकानात पडली. रुग्णालयात नेलं. परत आली नाही. अण्णांनी हे मुलांना एकदाच सांगितलं होतं, तेही मान खाली घालून, आणि पुढे वाढदिवस असो की बारसं, चार लोक हसत बसले की ते मधेच उठून जायचे. का जातात ते सगळ्यांना ठाऊक होतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लाकडी फाटक बसवलं होतं. घरात लहान मूल नव्हतं त्याला वीस वर्षं झाली, तरी ते फाटक उघडं राहिलेलं त्यांना चालायचं नाही.

“मी त्या वर्षाचं मृत्यूंचं रजिस्टर बघितलं,” ताई म्हणाली. “सगळी जुनी रजिस्टरं संगणकावर आहेत, कुणीही बघावीत. त्या वर्षाचं पान न् पान बघितलं. मग त्याच्या पुढचं वर्ष. मग त्याच्याही पुढचं. वाचनालयात एका माणसाला एकच तास देतात, म्हणून नऊ वेळा गेले. चिमी त्यात नाही.”

“नोंदवायचं राहून गेलं असेल,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“मलाही तेच वाटलं. तर ते चष्मेवाले म्हणाले, मग त्या वारल्या नसतील. असे कोरडेपणानं म्हणाले की मला रागच आला. पण मग ते आत गेले आणि एक खोकं घेऊन आले. ती टेकडीच्या पायथ्याची अपंगांची संस्था होती ना, बंद पडली ती? तिची सगळी दप्तरं वाचनालयाला मिळाली आहेत. कुणीतरी बसून नावांची यादी केलेली आहे.” ताईनं पिशवीतून एक झेरॉक्स काढली आणि आत्याच्या पुढ्यात ठेवली. “वाच.”

“मी चष्मा विसरले.”

“चष्मा तुझ्या डोक्यावर आहे, आत्या.”

आत्यानं चष्मा काही खाली ओढला नाही. म्हणून ताईनंच वाचलं. मुलगी, वय चार. वडिलांचा धंदा शिंपी. पत्ता याच दुकानाचा. खाली आजोबांची सही, तीच ती शेवटी लांब शेपूट ओढलेली. आणि त्याच ओळीत, सगळ्यांत उजवीकडे, दुसऱ्या शाईत दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं: मृत्यू, वय एक्कावन्न.

धाकटा खाली बसला. बसायला काही होतं की नाही तेही त्यानं बघितलं नाही, सुदैवानं कापडाचा गठ्ठा होता.

“एक्कावन्न,” तो म्हणाला. “म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वी. म्हणजे आपण सगळे होतो की! मी होतो, तू होतीस…”

“मी बोर्डावर होते,” ताई म्हणाली. “त्या संस्थेचे फोन यायचे. डॉक्टर द्या, अमका वॉर्ड द्या. मी म्हणायचे, थांबा, जोडते.” तीन आठवडे हा कागद पिशवीत घेऊन ती हिंडत होती आणि रोज हेच आठवत होती. एखादा फोन नक्की चिमीसाठी असणार.

मग आत्यानं सुरुवात केली ती रागानंच.

“तुला कुणी सांगितलं होतं उकरायला? वेळ जात नव्हता तर विणकाम करायचंस.”

“तुला माहीत होतं?”

“माहीत होतं का म्हणे! मी चौदा वर्षांची होते. डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय पण डोक्याला मार आहे, ही बोलायची नाही, चालायची नाही, पाठ वाकडी होईल. आई तर अंथरुणालाच खिळली. माझं लग्न जमायचं होतं, घरात असं मूल आहे म्हटल्यावर…” ती थांबली. “नाही. ते मी लोकांना सांगायला ठेवलं होतं, आणि लोकांनी कधी विचारलंच नाही. खरं सांगू? वडिलांना ती बघवत नव्हती. वडील वाईट नव्हते. पण त्यांना ती बघवत नव्हती.”

“आणि अण्णांना?”

“त्याला मीच सांगितलं, चिमी वारली म्हणून. वडील म्हणाले, तू सांग, तुझं ऐकतो तो. याच जिन्यावर बसवून सांगितलं. वाटलं, रडेल चार दिवस. तर पोरगं तापानं फणफणलं, महिनाभर उठलं नाही. म्हटलं, बरा होऊ दे, मग खरं सांगू. बरा झाला तर म्हटलं, मोठा होऊ दे. मोठा झाला, लग्न झालं, तुम्ही झालात. आणि मग काय सांगणार, बाई? मग नुसतं ती आहे एवढं सांगून भागलं नसतं. इतकी वर्षं का लपवलं तेही सांगावं लागलं असतं.” आत्याचा आवाज चिरकला. “दोनदा गेले मी तिला बघायला. दुसऱ्या वेळी तिनं माझी बाही धरली ती सोडेचना. दोन बायकांनी बोटं सोडवली. परत गेले नाही. आई एकदाच गेली. वडील मात्र जायचे हो. वर्षातून दोनदा, कपडे घेऊन.”

धाकट्यानं मान वर केली. दुकानातलं कापायचं काम आता त्याच्याकडे होतं, त्यामुळे जे इतर कुणाच्या डोक्यात आलं नाही ते त्याच्या आलं.

“कुणी शिवलेले कपडे?”

आत्या वर पंख्याकडे बघू लागली.

“आजोबांचे डोळे अधू झाले तेव्हापासून ते कात्री धरत नव्हते. अण्णा सोळाव्या वर्षी कापायला लागले. आत्या, ते कपडे कुणी कापले?”

उत्तराची वाट न बघता तो उठला. मापाच्या जुन्या वह्या सगळ्यांत वरच्या फळीवर होत्या. या दुकानात गिऱ्हाईक मेलं तरी वही टाकत नसत. त्यानं दोन-तीन चाळल्या आणि एक उघडी करून टेबलावर, थेट वंशावळीवरच ठेवली. प्रत्येक पानावर डोक्याशी गिऱ्हाइकाचं नाव, खाली मापं, आणि कापून झालं की कापणाऱ्यानं शेजारी करायची खूण. आजोबांची खूण गोल, अण्णांची उलटा त्रिकोण. एका पानाच्या डोक्याशी नावच नव्हतं. नुसती एक आडवी रेघ. खाली आजोबांच्या अक्षरात मापं: एका मुलीच्या झग्याची. डावा खांदा दीड इंच खाली. आणि शेजारी उलटे त्रिकोण, एकाखाली एक, वर्षाला दोन; पुढच्या पानांवरही तीच रेघ, तेच त्रिकोण.

“चोवीस वर्षं,” धाकटा म्हणाला. “अण्णांनी स्वतःच्या बहिणीचे कपडे शिवले आणि त्यांना माहीत नाही.”

मास्तरीणबाईंनी तोंडावर हात धरला. बाई शाळेत चाळीस पोरांना नजरेनं गप्प करत, पण इथे त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

“मी आत्ता वर जातो आणि सांगतो,” धाकटा म्हणाला. “चौऱ्याहत्तर वर्षं तो माणूस मनात म्हणतोय की मी बहिणीला मारलं. नव्हतं मारलं! ती जगली. एवढं तरी कळू दे त्यांना डोळे मिटायच्या आत.”

“अहो, थांबा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “ती वाचली एवढंच सांगूया. चांगली सोय होती, कुणी त्रास दिला नाही, आणि शांतपणे गेली. कपड्यांचं काढायचं कशाला?”

“काहीच सांगायचं नाही,” आत्या म्हणाली. “मी आधी मरेन, तो मागून येईल, तेव्हा वर गेल्यावर मी त्याला सावकाश सांगेन. तोपर्यंत कुणी तोंड उघडलंत तर माझ्याशी गाठ आहे.”

धाकटा तोवर पान उलटत होता. उलटता उलटता त्याचा हात थांबला. आजोबा वारले त्या वर्षाचं पान होतं ते. आडव्या रेघेखाली या खेपेला नवी मापं नव्हती. अण्णांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: बंद.

त्यानं वही मिटली.

“नको,” तो म्हणाला. “आत्या म्हणते तेच बरोबर. नको सांगायला.”

“आत्ता तर वर धावत होतास,” ताई म्हणाली.

“आत्ता हे बघितलं नव्हतं. ताई, ती त्यानंतर पंधरा वर्षं जगली. आजोबा गेले आणि अण्णांनी ते काम बंद केलं. त्यांना माहीत नव्हतं, कबूल, पण ते काय असं म्हणणार आहेत? एक ओझं काढून तू दुसरं देणार, आणि ते पहिल्याहून जड. त्यांचं वय बघ.”

आणि तेव्हा आत्याची मान हलली, पण नकाराला नव्हे. तिनं डोक्यावरचा चष्मा काढला, मिटला, परत उघडला.

“सांग,” ती ताईला म्हणाली.

“काय?”

“सांग त्याला. मला वाटत होतं, माझ्याबरोबर जाईल हे. आता तुम्हा तिघांना माहीत आहे. तुम्ही त्याच्याशी कसे बोलाल ते मला माहीत आहे, आजाऱ्याशी बोलतात तसे. तो शिंपी आहे, त्याला एक टाका सैल पडलेला कळतो. मी चौऱ्याहत्तर वर्षं त्याच्यासमोर बसून जेवले, माझं मला माहीत. तुम्हाला नाही जमायचं ते.”

ताईनं पिशवी उचलली. तिच्यात आणखी एक झेरॉक्स होती, ती तिनं कुणालाच दाखवली नव्हती. संस्थेच्या फायलीतलं एक टिपण, आजोबा गेल्यानंतरच्या वर्षाचं. दुकानात कपड्यांची चौकशी केली असता, गिऱ्हाइकाला मापाला घेऊन या, असं उत्तर मिळालं. चालू शकत नसल्यानं नेता आलं नाही. पुढे कुणी नातेवाईक आले नाहीत. एवढंच. ताईला ते पाठ झालं होतं, आणि ते कुणाचं उत्तर असेल हे विचारायची गरज नव्हती. जुन्या मापावर कापड कापायचं नाही, माणूस समोर उभा पाहिजे, हा अण्णांचा नियम गावाला माहीत होता. मोठमोठे साहेब त्यांनी परत पाठवले होते. ‘माणूस बदलतो, वही बदलत नाही,’ असं ते ऐटीत सांगायचे. हा कागद मी दाखवणार नाही, ताईनं जिना चढताना ठरवलं. बाकी सगळं सांगेन. हा एक नाही. तिनं फाटकाची कडी काढली.

अण्णा उठून बसले होते, अजून साडेतीन वाजायचे होते तरी. खिडकीपाशी बसून धाकट्याच्या शर्टाला बटण लावत होते.

“खाली काय कुजबूज चाललीय?” ते म्हणाले. “माझे कान शाबूत आहेत अजून. आत्या रडत होती.”

“अण्णा, ते बटण ठेवा जरा.”

“टाका अर्धवट सोडू का? बोल तू. हात शिवतात, कान मोकळेच आहेत.”

तीन आठवडे ताईनं मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. तिनं सरळ सांगितलं. “अण्णा, चिमी त्या पडण्यानं मेली नाही. ती वाचली होती.”

सुई थांबली.

ताई बोलत राहिली. रजिस्टर, खोकं, आजोबांची सही, संस्था, एक्कावन्न वर्षं. तिचं सांगून झालं तरी अण्णा तसेच बसले होते, मांडीवर शर्ट, बोटात सुई. मग त्यांचा चेहरा ओळखू येईना. हसताहेत की काय असं ताईला वाटलं, आणि खरंच ते हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

“वाचली होती?” ते म्हणाले. “माझ्यामुळे मेली नाही?”

“नाही, अण्णा.”

“नक्की? कागद आहे?”

“कागद आहे.”

“माझी पोर ती!” ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा आठ वर्षांच्या पोरासारखा हुंदके देत होता. “अगं, मी रोज… रोज गं… झोपायच्या आधी… मी तिला वर ठेवून खाली का गेलो… वाचली होती!” त्यांनी ताईचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ताईही रडली. तिला वाटलं, इथेच थांबावं. देवा, इथेच थांबू दे. मास्तरीणबाई म्हणाल्या तेच खरं, एवढंच पुरे आहे.

अण्णांनी डोळे पुसले. बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग कुणी परगावच्या लेकीबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं:

“खायला-प्यायला नीट द्यायचे का?”

“हो.”

“झोपायला गादी असेल?”

“असणारच.”

“आणि कपडे? कपडे काय घालायची गं ती?”

ताईला खोटं बोलता आलं असतं. संस्थेचे कपडे असतील, असं म्हणायला काय लागत होतं? तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तेवढा एक क्षण पुरला. आत्यानं सांगितलं होतंच, या माणसाला सैल टाका कळतो.

“आबा जायचे तिला भेटायला?” अण्णांनी विचारलं. आबा म्हणजे त्यांचे वडील.

“हो. वर्षातून दोनदा.”

“उन्हाळ्याच्या आधी आणि थंडीच्या आधी.”

“तारखा मी नाही…”

“डावा खांदा,” अण्णा म्हणाले, “दीड इंच खाली.”

ताईनं त्यांच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. त्यांचे पाय थंडगार पडले होते.

“मी एकदा दोन्ही खांदे सारखे कापले,” ते सांगू लागले, हळू आवाजात, तिच्याकडे न बघता. “अठरा-एकोणीसचा असेन. म्हटलं, म्हाताऱ्याचे डोळे गेले, माप चुकलंय, आपण सुधारून घ्यावं. मोठा शहाणा मी! आबांनी झगा उजेडात धरला आणि माझ्या मुस्काटात दिली. जन्मात त्यांनी माझ्यावर कधी हात टाकला नव्हता. मग स्वतः बसून सगळे टाके उसवले. दिसत नव्हतं त्यांना, सुई बोटांत घुसत होती, पण मला हात लावू देईनात. मला वाटलं, कापड वाया गेलं म्हणून चिडले.”

“अण्णा, तुम्हाला माहीत नव्हतं.”

“आबा गेले त्यानंतर एक बाई आली होती दुकानात. पावडर लावलेली, हातात छत्री. म्हणाली, आमच्याकडचे दोन झगे यायचे राहिलेत. मी म्हटलं, माप जुनं झालं असेल, घेऊन या त्यांना. ती म्हणाली, त्या येऊ शकत नाहीत. मी म्हटलं, मग माझ्याच्यानं व्हायचं नाही.” ते थांबले. “वर आणखी दुकानातल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हटलं, की आपण अंदाजानं काम करत नाही. लोक वा म्हणाले. मला आवडलं ते.”

जो कागद दाखवायचा नाही म्हणून ताईनं पिशवीत दाबून धरला होता, तो त्यांना पाठ होता. पावडर आणि छत्रीसकट.

“किती वर्षं जगली त्यानंतर?”

“अण्णा, नको ना.”

“वही आहे खाली, कागद तुझ्याकडे आहे. मला वजाबाकी येते.”

“पंधरा,” ताई म्हणाली.

जिन्यात पावलं वाजली. आत्या वर येत होती, एकेका पायरीवर थांबत. मागून धाकटा “हळू, हळू” म्हणत होता. दारात येऊन आत्या उभी राहिली. भाऊबहिणींनी एकमेकांकडे बघितलं. ती काहीतरी म्हणणार होती, पण अण्णांनी हात वर केला. त्यात राग नव्हता. थांब, माझं व्हायचंय, एवढंच त्यात होतं. ती दाराला टेकून तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, “मला मार हवं तर.” अण्णांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही.

“ताई,” ते म्हणाले, “समज, त्या बाईनं तिला आणलंच असतं. उचलून आणलं असतं, खुर्चीत घालून. दुकानात, माझ्यासमोर. मी ओळखलं असतं का गं तिला?”

“ओळखलं असतं, अण्णा. सख्खी बहीण ती.”

“नाही गं. खोटं नको बोलूस.” त्यांनी मान हलवली. “मी तोंडाकडे बघतच नाही आधी. सवय आहे. मी टेप लावली असती, म्हटलं असतं, वा, दीड इंच, आबांचं माप अगदी बरोबर होतं. आणि मग वही उघडून तिलाच विचारलं असतं, बाई, तुमचं नाव काय लिहू?”